किटलीतली कणी

पहिल्याच घोटाला गुलाबच्या जिभेवर कणी आली. कणी म्हणजे कणीच. गिरणीत तांदूळ निघताना जो तुटतो, चाळणीखाली पडतो आणि पोत्यात भरून गोदामाच्या मागच्या खोलीत जातो, तो चुरा. सव्वीस वर्षं गुलाब निकुरे त्या वासात उठला-बसला होता, त्यामुळे ओळखण्यात चूक व्हायचं कारण नव्हतं. पण समोर तांदूळ नव्हता. समोर काचेचा उंच ग्लास होता, ग्लासावर बोटभर फेस होता, डोक्यावर ब्रह्मपुरीच्या परमिट रूमचा कूलर घरघरत होता आणि टेबलाभोवती चार मास्तर माना पुढे काढून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. चौघांतला एक त्याचा साळा, प्रवीण. त्यानंच आज खास नदी ओलांडून बोलावलं होतं. "भाऊजी, आज तुम्हाले किटली पाजतो," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं, ते अशा आवाजात की जणू देवदर्शन घडवणार आहे. बाटलीवर तांबूस कागद होता, त्यावर पितळेची किटली काढली होती आणि खाली लिहिलं होतं की ही बिअर लहान पिंपात, हातानं गाळलेली आणि निव्वळ जवाची आहे. तिचं खरं नाव ब्रास केटल. पण दोन वर्षांत चंद्रपूरपासून वडशापर्यंत सगळ्यांनी तिची किटली करून टाकली होती. मोहर्लीच्या जंगलात येणारे पाहुणे वाघ नाही दिसला तरी निभावून नेतात, पण किटली थंड नसली तर भांडतात, असं प्रवीण सांगत असे. आणि नदीच्या अलीकडे, गुलाबच्या गडचिरोली जिल्ह्यात, जिथं पंधरा वर्षं दारूबंदी होती, तिथं तर तिचं नाव आणखीनच मोठं होतं. जी वस्तू मिळत नाही तिच्यात खोट काढणार कोण? प्रवीण म्हणाला, मागून संत्र्याच्या सालीची चव येते. पत्रू मास्तर म्हणाले, संत्रं नाही, मोहफुलाची. तिसऱ्याला धुराची आली होती. चौथा काही बोलला नाही, नुसते डोळे मिटून बसला, म्हणजे त्याला बहुधा सगळ्यांपेक्षा जास्त काहीतरी आलं होतं. "भाऊजी, तुम्ही सांगा. तुमची जीभ आहे," प्रवीण म्हणाला. गुलाबनं ग्लास खाली ठेवला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाला, "चांगली आहे."

मास्तर खूश झाले, दुसरी बाटली मागवली, आणि गुलाब मनातल्या मनात त्या तीन अक्षरांकडे पाहत बसला. चांगली. हा शब्द त्यानं कधी वापरला होता? गिरणीत तर नाहीच. बशीरभाईंच्या गिरणीत धानाचा लॉट आला की गुलाब परखी घेऊन पोत्यांतून फिरायचा. परखी म्हणजे टोकदार पोकळ सळई. ती पोत्यात खुपसली की मूठभर दाणा हातात येतो. तो दाणा सोलून एक दाढेखाली फोडायचा, बाकीचा कागदात बांधून घरी न्यायचा, घरी बायको, साधना, तो लहान पातेल्यात शिजवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिरणीत येऊन निकाल सांगायचा. निकाल असायचा तोही दोनच शब्दांचा, "घ्या भाई" किंवा "जाऊ द्या." एवढ्या दोन शब्दांवर आरमोरीच्या बाजारात त्याचं नाव झालं होतं. नाव व्हायला एकोणनव्वद साल कारण. सिंदेवाहीकडच्या एका व्यापाऱ्याचा दोनशे पोत्यांचा लॉट, दाणा असा की मोत्याचा भाव यावा, बशीरभाई घ्यायला उतावीळ, आणि गुलाब सकाळी येऊन म्हणाला, "यात रॉकेल आहे." व्यापारी हसला. मग शोध घेतला तेव्हा कळलं की ज्या ट्रकमधून माल आला त्यात आदल्या दिवशी रॉकेलच्या टाक्या होत्या. तेव्हापासून लोक गुलाबच्या जिभेबद्दल असं बोलू लागले की ती जणू त्याच्या तोंडात भाड्यानं राहायला आली आहे. शहाण्णव साली एक माणूस आपल्या विहिरीचं पाणी घेऊन आला होता, सांगा म्हणून, खारं होणार का. परमिट रूममध्ये बसल्या बसल्या गुलाबला ती रॉकेलची गोष्ट अशी क्रमानं आठवत गेली. तिच्या एका कोपऱ्यात साधना झाकण हातात धरून उभी होती आणि म्हणत होती, "अजी, हे कुठून आणलं, रॉकेलच्या पिप्यातून?" पण ते तर कुणीही म्हटलं असतं. ती तशी बोलतच असते. गुलाबनं तो कोपरा सोडून दिला आणि ग्लासाकडे पाहिलं. कणीचा वास तिथंच होता.

तो वास आठवडाभर तसाच राहिला. सोमवारी चहात आला, मंगळवारी पानात आला. नेमकं टोचत काय होतं ते त्याला आधी उमजेना. खोटं बोलल्याचं म्हणावं तर माणूस दिवसाला दहा खोटी बोलतो. धानाच्या बाजारात तर वीस. मग एकदा भाजी खाताना उमजलं. साधना चोवीस वर्षं विचारत आली होती, "कशी झाली?" आणि तो चोवीस वर्षं सांगत आला होता, "मीठ बरोबर आहे." त्याहून जास्त त्याच्या जिभेनं कधी दिलं नव्हतं. ज्याची जीभ कामाची आहे त्यानं ती घरात उधळू नये, असं त्याचं मत होतं. सोनार काय बायकोच्या बांगड्या रोज कसोटीवर घासतो? साधनानं मध्ये आठ-दहा वर्षं विचारणं सोडून दिलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा सोडलं. आणि हा शब्द, जो तिच्या हातच्या भरल्या वांग्याला मिळाला नाही, तिच्या आईच्या तेराव्याच्या दिवशी रडत रडत रांधलेल्या वड्याला मिळाला नाही, तो त्यानं चार मास्तरांच्या टेबलावर एका बाटलीला देऊन टाकला होता. तोही कणीचा वास येत असताना. बुधवारी दुपारी तो मागच्या खोलीत गेला. तिथं सहा बाया चाळणी घेऊन कणी निवडत बसायच्या. सातव्यासारखा तोही बसला, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ नाकाशी धरली आणि डोळे मिटले. तोच वास. तंतोतंत तोच. बायांतल्या एकीनं विचारलं, "काय झालं भाऊ, बरं नाई वाटून राह्यलं का?" तो उठला आणि बाहेर वाजिद मशीनचा पट्टा चढवत होता त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

वाजिद बशीरभाईंचा पुतण्या. गिरणीचा सगळा लोखंडी कारभार त्याच्याकडे.

"वाजिद, आपली कणी कुठी जाते?"

"नागपूरकडचा तो ठेकेदार नेते ना. ढोराइच्या खाद्यासाठी."

"तू पाह्यलं का ते ढोरं?"

वाजिदनं पाना खाली ठेवला. "काऊन? ढोराइनं तक्रार केली का?"

"मले वाटते," गुलाब म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला जाणवलं की आता थांबलं पाहिजे, पण तोंड सुटलं होतं, "मले वाटते आपली कणी किटलीत जाते. मी पेलो. पहिल्या घोटाले आली."

वाजिद आधी हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं, कारण त्याला आपला काका आठवला. तासाभरानं गुलाबला वर बोलावणं आलं.

बशीरभाई चौसष्टीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. दिवसभर गिरणीच्या धुरळ्यात बसूनही त्यांचा सदरा कसा पांढरा राहायचा हे आरमोरीतलं एक कोडं होतं. तीन वर्षं अर्ज केल्यावर यंदा त्यांचा हाजचा नंबर लागला होता. टेबलावर पासपोर्ट होता, लसीचा कागद होता, आणि एक नवा कापडी पट्टा होता जो कमरेला बांधतात. त्यांनी गुलाबला बसायला सांगितलं, पंखा बंद केला, कारण पंख्यात त्यांना कमी ऐकू यायचं.

"गुलाबभाऊ, वाजिदनं जे सांगतलं ते मस्करी आहे, का जिभेची गोष्ट आहे?"

इथं सुटायची वाट सरळ होती. मस्करी आहे भाई, एवढं म्हणायचं. पण 'जिभेची गोष्ट' हे शब्द बशीरभाईंनी अशा अदबीनं उच्चारले, जसं एखाद्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं, की गुलाबच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. "जिभेची आहे, भाई," तो म्हणाला.

बशीरभाईंनी पासपोर्ट उचलून खणात ठेवला. मग म्हणाले, "दीड महिन्यानं मी मक्केले जाऊन राह्यलो. चाळीस वर्षं शराबच्या दुकानापुढून गेलो तं दुसऱ्या बाजूनं गेलो. अन् इथी माझ्याच गोदामातून जाऊन राह्यली. ठेकेदाराले फोन केला मी आत्ता. तो म्हणते ढोरं. तो ढोरंच म्हणन, दुसरं काय म्हणन? कणी त्याले देणं बंद करतो म्हटलं, तं मागच्या खोलीतल्या साही बाया घरी बसतीन. सहा घरं. अन् गोष्ट खोटी निघाली तं तेही पाप माझ्याच माथी." ते थांबले. "म्हणून तू पुन्हा एकदा पी. माझ्यासाठी पी. पक्कं कर अन् सांग. तू सांगशीन तसं करतो." आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. "मी कोणाले पी म्हणून सांगीन असं कधी वाटलं नोतं मले. अल्ला माफ करो."

गुलाब जिना उतरला. एका माणसाची यात्रा, सहा बायांची चूल, आणि दोन्ही त्याच्या जिभेच्या टोकावर. घरी आला तेव्हा साधना अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. परमिट रूम सांगितली, मास्तर सांगितले, हाज सांगितली, फक्त 'चांगली' म्हटल्याचं सांगितलं नाही. ती पाखडत पाखडतच ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "इकडं या जरा. वाका." तो वाकला. तिनं त्याच्या वरच्या ओठाजवळ नाक नेलं, एकदा श्वास घेतला आणि पुन्हा सूप उचललं.

"कणी तुमच्या मिशीत आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मिशीत. दिवसभर गिरणीत बसता, कोंडा उडते, मिशीत बसते. वरून ओली झाली का वास सोडते. चहा पेता तईही सोडते. मी चोवीस वर्षं पाहून राह्यलो ना."

झाडीपट्टीतल्या बाया 'राह्यलो'च म्हणतात. साधना भांडणात म्हणायची तेव्हा तो शब्द अंगणभर व्हायचा. आता ती भांडत नव्हती, नुसतं सांगत होती, आणि म्हणून जास्त लागलं. गुलाबला एकाएकी सगळ्या ग्लासांचा, वाट्यांचा, पेल्यांचा हिशेब लागेना. आजवर जे काही चाखलं ते सगळं मिशीतून गाळून आलं होतं की काय? म्हणजे ती जीभ, जिच्यापाशी लोक विहिरीचं पाणी घेऊन आले होते, ती जीभ मिशीच्या मागे बसून नुसतं कणी, कणी म्हणत होती की काय? मग इतके निकाल बरोबर कसे आले? हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि तसाच उभा राहिला, दारात आलेल्या ओळखीच्या माणसासारखा, ज्याला आत ये म्हणायची इच्छा नसते. त्याला एकेक लॉट आठवू लागला. ज्या तांदळाला शिजल्यावर चिखलाची चव आली होती तो नव्व्याण्णव सालचा, साधनानं पातेलं उतरवता उतरवता म्हटलं होतं, "धानाच्या बांधीतलं पाणी उतरलं नोतं वाटते, तसाच कापला." जुन्यात नवा मिसळलेला तो दोन हजार दोनचा, साधनानं बोटानं दाबून म्हटलं होतं, "यातले अर्धे भाऊ अन् अर्धे पावणे." तो हे ऐकायचा, झोपायचा, आणि सकाळी उठला की ते त्याचं झालेलं असायचं. चोरी केल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं. आपल्या अंगणातल्या झाडाचं फळ आपण बाजारात नेतो तसं ते होतं. झाड काही बोलत नाही, हे त्यानं गृहीत धरलं होतं.

"बशीरभाईले तं मी सांगून बसलो," तो म्हणाला.

"मंग रविवारी पिऊन पाहा नीट. मिशी काढून."

"अन् तरीबी समजलं नाई तं?"

साधनानं खडा वेचला, दूर फेकला. "मले घेऊन चाला. प्रवीणच्या घरी तसंही जायचंच आहे मले. एक घोट मले देजा."

"तू पेशीन?"

"काऊन, मले जीभ नाई?"

रविवारी सकाळी गुलाबनं मिशी काढली. आरशात जो माणूस दिसला तो कुठल्यातरी सरकारी कचेरीत बदलून आलेला वाटत होता. जीपमध्ये वाजिद चालवायला, शेजारी बशीरभाई, मागे गुलाब आणि साधना. बशीरभाईंनी वळून पाहिलं आणि पाहतच राहिले. "मिशी?" त्यांनी विचारलं. "कामासाठी काढली, भाई." बशीरभाईंच्या डोळ्यांत आदर दाटला. "बापरे. इतकी तयारी," ते म्हणाले, आणि वैनगंगेचा पूल येईपर्यंत दोनदा पुन्हा वळून पाहिलं. पुलाच्या तोंडाशी पोलिसांची चौकी होती. तिथं येणाऱ्या गाड्या तपासायचे. जाणाऱ्यांना फक्त समजुतीनं पाहायचे. शिपायानं आत डोकावून हाजीसाहेबांना सलाम केला, आणि बशीरभाई त्या सलामानं इतके ओशाळले की पुढच्या वळणापर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

प्रवीणनं घरी लग्नघरासारखी तयारी केली होती. बादलीत बर्फ, बर्फात दोन किटल्या, चिवडा, शेंगदाणे, शिवाय एक कोरी वही. निकाल लिहून घ्यायला, तो म्हणाला. बशीरभाई आत आले नाहीत. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली जीपमध्येच बसले, जपाची तस्बीह काढली आणि घराकडे पाठ होईल असं वाजिदला गाडी वळवायला लावली. साधना प्रवीणच्या बायकोच्या मदतीला सरळ स्वयंपाकघरात गेली. गुलाब बैठकीत बसला. प्रवीणनं झाकण उडवलं, ग्लास तिरपा धरून हळूहळू ओतला, फेस बरोबर बोटभर आणला, आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

गुलाबनं घोट घेतला. काहीच आलं नाही. दुसरा घेतला. थंड होतं, कडू होतं, नाकात झिणझिणलं. कणी नव्हती. संत्रं नव्हतं, मोहफूल नव्हतं, धूर नव्हता. वरचा उघडा ओठ तेवढा गार पडला. तिसऱ्या घोटाला तो घाबरला. तोंडात जीभ होती, ती त्याला जाणवत होती, मांसाचा एक तुकडा, ओला, आज्ञाधारक, आणि पार मुका. त्याला वाटलं, इतकी वर्षं ही अशीच होती. आपण बोलत होतो आणि ही नुसती हलत होती. खिडकीतून जीपची मागची काच दिसत होती, काचेत पांढरी टोपी दिसत होती, टोपी किंचित पुढेमागे होत होती. मागच्या खोलीतल्या बाया आज सुट्टी म्हणून घरी असतील, कुणी डोक्यावरून पाणी घेत असेल. "काय येऊन राह्यलं, भाऊजी?" प्रवीणनं पेन्सिल उचलली. "थांब," गुलाब म्हणाला, आणि ग्लास घेऊन उठला. "पाणी पिऊन येतो." प्रवीणनं वहीत लिहिलं: मध्ये पाणी.

स्वयंपाकघरात साधनानं ग्लास हातात घेतला आणि लगेच प्यायली नाही. दोन्ही तळव्यांत धरून बसली, फेस पूर्ण मरेपर्यंत, थंडी उतरेपर्यंत. प्रवीणची बायको तोंडावर पदर धरून पाहत होती. मग साधनानं एक घोट घेतला, गालात फिरवला, गिळला. तिचं तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. दुसरा घोट घेतला. गुलाब तिच्या चेहऱ्याकडे असा पाहत होता जसे लोक इतकी वर्षं त्याच्या चेहऱ्याकडे पाहत आले होते, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की असं पाहताना माणसाला किती बिचारं वाटतं.

"तांदूळ आहे," ती म्हणाली.

गुलाबनं बाहेर जीप होती त्या बाजूला पाहिलं.

"निव्वळ जव म्हणतेत ते खोटं. पण आपला नाई. हा उकडा तांदूळ आहे, एकदा उकडून वाळवलेला. उकड्याचा वास वेगळा असते, ओल्या भिंतीसारखा. आपल्या गिरणीत उकडा कोण करते? आपली कणी कोऱ्या तांदळाची. त्यातला एक दाणाही नाई इथी." तिनं ग्लास त्याच्या हातात परत दिला. "जा, सांगून या भाईले. बिचारे बाहेर बसले."

स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत तीसेक पावलं असतील. बैठकीतून जाताना प्रवीण काही विचारत होता ते त्याला ऐकू आलं नाही. पहिली दहा पावलं नुसती सुटकेची होती. कणी आपली नाही, यात्रा पाक, बाया कामावर. पुढच्या दहा पावलांत नेहमीचं वाक्य तयार झालं. इतक्या सवयीनं झालं की त्याला प्रयत्न करावा लागला नाही. 'भाई, उकडा आहे, आपला नाई.' पाच शब्द. हे बोलल्यावर बशीरभाई काय म्हणतील तेही त्याला ऐकू आलं, उद्या बाजारात लोक काय म्हणतील तेही. रॉकेलच्या गोष्टीशेजारी आता ही गोष्ट बसेल, मिशी काढल्याचा भाग तर लोक विशेष रंगवतील. आणि शेवटच्या दहा पावलांत त्याला असं वाटू लागलं की हे वाक्य आपल्या तोंडात मावत नाही. मिशी होती तोवर त्याला आडोसा होता. आता ओठ उघडा होता आणि त्यावर वारा लागत होता. बशीरभाई मक्केला जाणार होते. तिथं ते हात वर करून जे काही म्हणतील, त्यात या तीस पावलांतलं खोटंही जाईल, त्यांच्या नकळत, पोत्यातल्या खड्यासारखं. गुलाब देवधर्माचा माणूस नव्हता. पण खडा मिसळलेला माल त्यानं आजवर पुढे जाऊ दिला नव्हता.

बशीरभाईंनी काच खाली केली. तस्बीह मुठीत धरली.

"कणी आपली नाई, भाई," गुलाब म्हणाला. "तांदूळ आहे, पण उकडा. आपला नाई."

बशीरभाईंनी डोळे मिटले. ओठ हलले.

"पण हे मले नाई समजलं. मले काहीच समजत नाई. आज नाई अन् पह्यलेबी नाई. साधनाले समजते. आजवर जे सांगतलं ते तिचं होतं. रॉकेलही तिचंच."

बशीरभाईंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य यायला हवं होतं. गुलाब त्याची वाट पाहत होता.

"ठाऊक आहे मले," बशीरभाई म्हणाले.

"कधीपासून?"

"पंधरा-सोळा वर्षं झाले असतीन. बाई माहेरी गेली का तू लॉट लटकवून ठेवते. दोन दिवस थांबा भाई, चार दिवस थांबा भाई, धान अजून बोलून नाई राह्यलं. ती एस्टीतून उतरली का दुसऱ्या दिवशी धान बोलते. एकदा तिच्या आईच्या दुखण्यात ती महिनाभर तिकडंच होती, तं महिनाभर माझी खरेदी बंद. मी काय लहान लेकरू आहे?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? तुझ्या घरच्या बाईले मी कसा विचारू, का बाई, माझा माल चाखून देता का. बरं दिसते का ते? तुझ्या हातून विचारणं चालू होतं, चालू दिलं. अन् तू परखी चांगली मारते, ते खोटं नाई." ते जीपमधून उतरले, सदरा झटकला. "पण आज गोष्ट वेगळी आहे. मले तिच्याच तोंडून ऐकू दे. बोलाव."

साधना हात पुसत आली. फाटकाशी आल्यावर तिला आठवलं की आपण दोन घोट घेतले आहेत, आणि तिनं पदर तोंडावर धरला. बशीरभाईही तेवढ्याच समजुतीनं अर्धं पाऊल मागे सरकले आणि कडुनिंबाच्या बुंध्याकडे पाहत उभे राहिले. अशा रीतीनं, एकमेकांकडे न पाहता, त्या दोघांची पहिली बातचीत झाली. तिनं उकड्याचं सांगितलं, ओल्या भिंतीचं सांगितलं. बशीरभाईंनी दोनदा विचारलं, पक्कं? तिनं दोनदा सांगितलं, पक्कं. मग बशीरभाई थोडे घुटमळले. प्रवीण तोवर बाटली हातात घेऊन दारात आला होता.

"बाई, एक विचारतो. सारा जिल्हा तिचं नाव घेते. मोठमोठे साहेब घेतात. मी तं या जन्मी पेणार नाई. पण चांगली आहे का खरंच?"

साधनानं विचार केला. कुणी तिला असा सवाल टाकल्याची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं घाई केली नाही.

"वाईट नाई, भाई," ती पदराआडून म्हणाली. "पेजेसारखी आहे. शिळी पेज असते ना, किंचित आंबलेली, तशी. आपल्याकडचे सारे लहानपणी पेजेवरच वाढले. आता मास्तर झाले, साहेब झाले, घरी पेज केली तं लाजतेत. मंग तीच कोणी थंडी करून बाटलीत देली, वरून किटलीचं चित्र काढलं, तं वा वा करतेत. जिभेले ओळख पटते अन् माणसाले पटत नाई. म्हणून कोणी संत्रं म्हणते, कोणी मोह म्हणते."

प्रवीण बाटलीकडे पाहत राहिला. "तायी," तो हळूच म्हणाला, "पेज कशी म्हणते तू. हिच्यासाठी लोक नागपूरवरून..."

"पी ना तू. पेज काही वाईट नसते."

बशीरभाई हसले, दाढीआड, आवाज न करता, खांदे हलवत. मग गंभीर होऊन म्हणाले की उद्यापासून नमुन्याच्या पुडीवर साधनाबाईंचं नाव असेल आणि निकालही त्यांच्याच नावानं लिहिला जाईल. साधना म्हणाली, नाव लिहा, हरकत नाही, पण नमुना सकाळी पाठवा, संध्याकाळी चुलीपाशी गर्दी असते. आणि गिरणीत एक खुर्ची ठेवा, कधी मी आले तर उभ्या उभ्या पाहणार नाही. बशीरभाईंनी वाजिदला खुर्चीचं लक्षात ठेवायला सांगितलं. गुलाब बाजूला उभा होता. आता काहीतरी दुखेल म्हणून तो थांबला होता, जसं ठेच लागल्यावर माणूस क्षणभर कळ येण्याची वाट पाहतो. कळ आली नाही. भूक लागली.

प्रवीणच्या बायकोनं अंगणात पानं मांडली. बशीरभाई आता जेवायला तयार झाले. बाटल्यांची बादली आत गेली होती. भात, वरण, पोपटीच्या शेंगांची भाजी, ताजं लोणचं. बशीरभाई साधनाला विचारत होते की यंदाच्या धानात दाणा कसा उतरेल, आणि साधना वाढता वाढता सांगत होती. वाजिद ऐकत होता, आणि प्रवीण वही मांडीवर घेऊन 'पेज' या शब्दापुढे काही लिहावं की नाही याचा विचार करत होता. गुलाबनं पहिला घास तोंडात घातला आणि सवयीनं थांबला. मग इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे कुणीही पाहत नव्हतं. कशी झाली, असं कुणी विचारत नव्हतं. त्यानं घास गिळला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, मग भातात वरण कालवून खाली मान घालून जेवू लागला. भात संपला तेव्हा त्यानं पुन्हा मागितला.